काका, त्या २७२ जणांचा बाप्तिस्मा आधीच झालेला होता

रविवारी रात्री साडेदहाला ताईचा फोन वाजला आणि माझ्या पोटात गोळा आला. या वयात अशा वेळी येणारे फोन चांगलं काही सांगत नाहीत. पण तसं काही नव्हतं. तिच्या सासरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड आला होता आणि तो वाचून ती रडकुंडीला आली होती. भाचीला वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात मास्टर्सला प्रवेश मिळालाय. बँकेत कर्जाची फाइल गेलीय, ऑगस्टची तिकिटं बघणं चालू आहे. आणि आता तिचे थोरले काका ग्रुपवर विचारतायत, "पोरीला कुठे धाडताय, याची कुणी चौकशी केलीत का?"

फॉरवर्डचं शीर्षक "जॉर्जटाउनचं काळं सत्य". जागोजागी लाल बाण, आणि शेवटी "गोव्यात यांनी काय केलं ते विसरू नका, दहा जणांना पाठवा". मुद्दे सात. हे विद्यापीठ पोपने काढलं आणि आजही व्हॅटिकनच चालवतं. तिथे हिंदू मुलींना बायबल सक्तीचं असतं आणि पदवी हातात पडण्याआधी धर्म बदलावा लागतो. ख्रिस्ती व्हायला नकार देणाऱ्या २७२ काळ्या गुलामांना पोपच्या हुकमावरून विकून १८३८ साली ते उभं राहिलं. गोऱ्यांशिवाय तिथे कुणाला किंमत नाही. कतारच्या अमीराचा पैसा त्यात आहे. ते सीआयएचं भरती केंद्र आहे. आणि तिथले पाद्री भुतं उतरवतात, त्यावर सिनेमासुद्धा निघालाय.

ताईला त्या रात्री "अगं, काही नसतं त्यात" म्हणून झोपवलं. मला मात्र झोप आली नाही. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला त्याची ही खोड. सातांपैकी तिसऱ्या मुद्द्यात खरोखर मोठं काही तरी होतं, आणि जे होतं ते फॉरवर्ड लिहिणाऱ्याने नेमकं उलटं करून ठेवलं होतं.

काकांबद्दल एक गोष्ट आधी सांगतो, रागावले तर रागावू देत. काका धोबीतलावच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकले. ते कॉलेज १८६९ साली जेझुइटांनीच, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघानेच काढलं. जॉर्जटाउन चालवणारे तेच हे जेझुइट. काका चार वर्षं फादर लोकांच्या हाताखाली शिकले, आजही झेवियर्सचं नाव निघालं की त्यांची छाती फुगते, आणि श्रावणातला एक सोमवार त्यांनी आजवर चुकवलेला नाही. मग भाचीला दोन वर्षांत काय होणार आहे?

आता मुद्दे.

पोपने काढलं म्हणे. जॉर्जटाउनचं साल १७८९. त्या वर्षीच्या २३ जानेवारीला पोटोमॅक नदीकाठच्या जमिनीचं खत झालं, तोच विद्यापीठाचा जन्मदिवस मानतात. काढणारे जॉन कॅरल, मेरीलँडचे, पूर्वाश्रमीचे जेझुइट. पूर्वाश्रमीचे अशासाठी की पोप चौदावे क्लेमेंट यांनी १७७३ सालीच जेझुइटांचा संघ बरखास्त करून टाकला होता. तो पुन्हा सर्वत्र उभा राहिला १८१४ मध्ये. म्हणजे अमेरिकेतलं हे पहिलं कॅथलिक विद्यापीठ निघालं तेव्हा पोपच्या लेखी जेझुइट अस्तित्वातच नव्हते. (रशियात थोडे शिल्लक होते, कारण सम्राज्ञी कॅथरीनने पोपचा हुकूम आपल्या राज्यात लागूच होऊ दिला नाही. कॅथलिक पाद्र्यांना पोपपासून वाचवलं ते एका ऑर्थोडॉक्स बाईने.)

दुसरं म्हणजे, तिथले कॅथलिक त्या काळी सत्ताधारी नव्हते, अल्पसंख्य होते. इंग्रजांच्या अमलाखालच्या मेरीलँडमध्ये अठराव्या शतकात त्यांना मत नव्हतं, सरकारी पद नव्हतं, उघड्यावर मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, करता येत नव्हता, शाळा काढता येत नव्हती. खुद्द कॅरलना शिकायला समुद्र ओलांडून फ्रान्समधल्या सेंट ओमेरला जावं लागलं. अशा माणसाने स्वातंत्र्यानंतर शाळेचा प्रस्ताव लिहिला तेव्हा त्यात काय घातलं असेल? आपल्या राज्यघटनेच्या उदार तत्त्वाला धरून ही शाळा कुठल्याही धर्मपंथाच्या विद्यार्थ्याला खुली राहील, असं. पदव्या देण्याची सनदही रोमची नव्हे, अमेरिकन काँग्रेसची. १ मार्च १८१५ रोजी राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसन यांनी तिच्यावर सही केली, आणि काँग्रेसमध्ये ती मागणारा विल्यम गॅस्टन हा जॉर्जटाउनचा पहिला विद्यार्थी.

रोमशी काहीच संबंध नाही असं मी म्हणत नाही. तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्रात रोमच्या मान्यतेच्या पदव्या देण्याचा अधिकार १८३३ मध्ये मिळाला. जेझुइटांचा सर्वोच्च प्रमुख रोममध्येच बसतो आणि एकोणिसाव्या शतकात त्याच्या परवानगीशिवाय पान हलत नसे. हे पुढे कामाला येणार आहे. पण आज कारभार संचालक मंडळाकडे आहे, आणि २००१ पासून २०२४ पर्यंत अध्यक्ष होते जॉन डिजोया, धर्मगुरू नसलेला, संसारी माणूस. त्या पदावरचा असा पहिलाच.

बायबल आणि धर्मांतर. इथे मला ताईवरच थोडा राग आला. भाची मास्टर्सला चाललीय. तिला धर्मशास्त्राचा एकही तास सक्तीचा नाही. सक्ती आहे ती पदवीपूर्व मुलांना, दोन विषयांची, हे खरं. त्यातल्या पहिल्यासाठी दोन पर्याय असतात. एक बायबलच्या साहित्याची ओळख, आणि दुसऱ्याचं नाव "द प्रॉब्लेम ऑफ गॉड". देव ही एक अडचण! ज्यांना पोरं बाटवायची असतात ते अभ्यासक्रमाला असलं नाव देत नाहीत.

तिथे १९६८ पासून ज्यू रब्बाय आहे, १९९९ पासून मुस्लिम इमाम आहे, २०१६ पासून हिंदू धर्मगुरू आहे. हे सगळे विद्यापीठाचे पगारी लोक. २०१९ मध्ये हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख विद्यार्थ्यांसाठी ध्यानाची आणि पूजेची जागा उघडली, तिचं नाव "धर्मालय". २०२३ मध्ये मशीद झाली. आपल्याकडच्या किती विद्यापीठांत दुसऱ्या धर्माच्या मुलांसाठी विद्यापीठाच्या खर्चाने एवढं होतं, हे काकांनी मला मोजून सांगावं.

बिल क्लिंटन जॉर्जटाउनचे, १९६८ च्या तुकडीचे. फॉरवर्ड म्हणतो "त्यांनी क्लिंटनलाही ख्रिस्ती बनवलं". अहो, तो माणूस बाप्टिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिस्ती घरातलाच होता! क्लिंटन यांनीच सांगितलेला किस्सा आहे. पहिल्या वर्षाला तर्कशास्त्र शिकवणाऱ्या तरुण जेझुइटाने त्यांना जेवायला नेलं आणि विचारलं, जेझुइट व्हायचा विचार केलायस का कधी? क्लिंटन हसून म्हणाले, त्यासाठी आधी कॅथलिक व्हावं लागेल ना? शिक्षक चाट. पोरगा कॅथलिक नाही हे त्यांना तोवर माहीतच नव्हतं. क्लिंटन बाप्टिस्ट म्हणून आले आणि बाप्टिस्ट म्हणून गेले.

आता तिसरा मुद्दा. खरं तर याच्यासाठीच लिहायला बसलो.

"ख्रिस्ती व्हायला नकार देणाऱ्या २७२ काळ्या गुलामांना पोपच्या हुकमावरून विकून १८३८ साली हे विद्यापीठ उभं राहिलं." यात आकडा खरा. साल खरं. विकलं, हेही खरं. उरलेलं खोटं आहे, आणि ते खऱ्या पापावर पांघरूण घालतं.

१८३८ मध्ये विद्यापीठ उभं राहिलं नाही. तेव्हा ते पन्नाशीला टेकलं होतं आणि कर्जात बुडालं होतं. मेरीलँडच्या जेझुइटांचे मोठमोठे मळे होते. व्हाइट मार्श, सेंट इनिगोज, न्यूटाउन, सेंट थॉमस मॅनर. तंबाखू आणि धान्य पिकायचं, आणि राबायचे गुलाम, पिढ्यान्‌पिढ्या. या मळ्यांच्या उत्पन्नावर मिशनचं काम आणि शाळा चालायची. आता नीट ऐका, काका. हे गुलाम कॅथलिक होते. मूल जन्मलं की बाप्तिस्मा मळ्यावरचे फादरच द्यायचे. लग्न तेच लावायचे. मयताची प्रार्थना तेच म्हणायचे. नकार कुणी दिला नव्हता. ज्यांच्या डोक्यावर यांनीच पवित्र पाणी घातलं होतं, त्यांनाच यांनी विकलं.

थॉमस मलेडी नावाचे फादर विद्यापीठाचे अध्यक्ष होते. त्यांनी इमारतींचा सपाटा लावला आणि कर्ज करून ठेवलं. पुढे ते जेझुइटांच्या मेरीलँड प्रांताचे प्रमुख झाले. मळे नीट पिकत नव्हते, सावकार दारात होते, म्हणून माणसं विकून मोकळं व्हायचं ठरलं. परवानगी रोमची लागायची. ती पोपची नव्हे, जेझुइटांचे सर्वोच्च प्रमुख यान रोथान यांची. रोथान यांनी १८३६ मध्ये ती दिली, पण अटी घालून. कुटुंबं तोडायची नाहीत. नव्या जागी त्यांच्या धर्माचरणाची सोय राहिली पाहिजे. आणि आलेला पैसा कर्ज फेडायला वापरायचा नाही, तो नव्या जेझुइटांच्या शिक्षणासाठी गुंतवायचा. विकू नका असं मात्र रोमनेही म्हटलं नाही, हे लक्षात असू द्या. माझ्या लेखी रोम त्यातून सुटत नाही.

१९ जून १८३८ रोजी करार झाला. घेणारे दोघे, लुइझियानाचे माजी गव्हर्नर हेन्री जॉन्सन आणि जेसी बॅटी. किंमत १,१५,००० डॉलर. सुरुवातीला २५,०००, बाकीचे ९०,००० दहा वर्षांच्या हप्त्यांनी. आणि त्या पहिल्या २५,००० मधले १७,००० गेले कुठे? जॉर्जटाउनच्या बांधकामाचं कर्ज फेडायला. तिसरी अट पहिल्याच हप्त्यात उडाली.

दुसरं काही वाचू नका, हा एक करार वाचा. विद्यापीठाने स्वतःच तो आपल्या गुलामगिरीविषयक अभिलेखागारात जगाला वाचायला ठेवलाय. त्यात नावं आहेत, वयं आहेत, नाती आहेत. यादीत पहिला आयझॅक, वय ६५. मग त्याचा थोरला मुलगा चार्ल्स, वय ४०. मग मुलगी नेली, वय ३८. पुढे पोरी, पोरं, आईच्या अंगावरची तान्ही मुलं. मी आयुष्यभर पोरांना पुरंदरचा तह आणि सालबाईचा तह शिकवला, किल्ल्यांच्या आणि महालांच्या याद्या पाठ करून घेतल्या. पण बाप, त्याच्याखाली मुलगा, त्याच्याखाली मुलगी, असा वंशवेल विक्रीच्या कागदावर लिहिलेला पहिल्यांदाच पाहिला. ज्या कारकुनाने तो लिहिला त्याला कोण कुणाचं हे पक्कं ठाऊक होतं.

आणि तरीही ताटातूट झाली. कुणी मेरीलँडमध्येच मागे राहिलं, कुणाचा नवरा दुसऱ्या मालकाचा म्हणून कुणी एकटीच गेली. कॅथरीन जॅक्सन नावाच्या जहाजातून मोठी तुकडी डिसेंबरात न्यू ऑर्लिन्सला उतरली आणि तिथून उसाच्या आणि कापसाच्या मळ्यांवर गेली. पहिली अटही गेली. उरली धर्माची. दहा वर्षांनी, १८४८ मध्ये, एक जेझुइटच तिकडे फिरून आला. त्याने मलेडींना पत्रं लिहून कळवलं की या लोकांना जवळपास चर्च नाही, मुलं धर्माविना वाढतायत, निदान देवळापुरते तरी पैसे पाठवा.

फॉरवर्ड म्हणतो, यांनी माणसं बळजबरीने ख्रिस्ती केली. कागद म्हणतो, ख्रिस्ती असलेली माणसं यांनी विकली आणि त्यांच्या मिस्साचीही सोय केली नाही. यातला कुठला आरोप जड आहे ते काकांनीच ठरवावं. फॉरवर्डवाल्याला धर्मांतराशिवाय दुसरं पापच सुचत नाही, म्हणून त्याने आयझॅकच्या तोंडी एक नकार घातला. त्या लोकांचे वंशज आजही लुइझियानात आहेत, कित्येक घरं आजही कॅथलिक आहेत, आणि चर्चच्या बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदींनीच तर त्यांचा माग लागला. त्यांना सांगायचं का, तुमच्या खापरपणजोबांनी ख्रिस्ती व्हायला नकार दिला होता म्हणून?

हे मी वसईच्या एका मित्राला दाखवलं. कॅथलिक, माझ्यासारखाच निवृत्त शिक्षक, चांगला माणूस. तो दुसऱ्या बाजूने सुरू झाला. "त्या काळी सगळेच ठेवायचे रे. आणि आमच्या फादर लोकांनी त्यांना बरं वागवलं असेल." नाही बाबा, तुझंही चालणार नाही. सगळेच करत होते, तर रोमने अटी कशाला घातल्या? मेरीलँडच्या जेझुइटांतच विक्रीला विरोध करणारे का होते? दुसऱ्याच वर्षी, डिसेंबर १८३९ मध्ये, पोप सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारं पत्र काढलं. मलेडींना तर १८३९ मध्ये प्रांतप्रमुखपद सोडून युरोपात जावं लागलं. म्हणजे हे वाईट आहे हे त्यांनाही कळत होतं. पण पुढे काय झालं? १८४५ मध्ये तेच मलेडी पुन्हा जॉर्जटाउनचे अध्यक्ष. आणि त्यांच्या नावाची इमारत २०१५ पर्यंत ताठ उभी. मित्र गप्प झाला. मग म्हणाला, "हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही." हे मात्र मला पटलं.

२०१५ च्या नोव्हेंबरात विद्यार्थी धरणं धरून बसले तेव्हा ते नाव निघालं. २०१६ मध्ये विद्यापीठाच्या कार्यगटाचा अहवाल आला आणि वंशजांना प्रवेशात माजी विद्यार्थ्यांच्या मुलांइतकाच अग्रक्रम द्यायचं ठरलं. एप्रिल २०१७ मध्ये जेझुइटांनी आणि विद्यापीठाने वंशजांसमोर माफी मागितली आणि मलेडींची इमारत "आयझॅक हॉकिन्स हॉल" झाली. करारातलं पहिलं नाव. २०१९ मध्ये पोरांनी मतदान घेतलं, प्रत्येकाने दर सत्राला २७ डॉलर २० सेंट वंशजांसाठी द्यायचे का? २७२ वरून तो आकडा. दोन तृतीयांश पोरं हो म्हणाली. विद्यापीठाने ती फी काही लावली नाही, वर्षाला ४ लाख डॉलरचा निधी जाहीर केला. मला विचाराल तर पोरांचा ठराव जास्त सरळ होता. २०२१ मध्ये जेझुइटांनी १० कोटी डॉलर उभे करायचं वचन दिलं. माफी पुरेशी आहे का, हा त्या घरांचा प्रश्न. पण ज्या संस्थेला "काळं सत्य लपवणारी" म्हणताय, तिने आपला करार स्वतः जगासमोर ठेवलाय. तुमच्या फॉरवर्डमधला एकमेव खरा आकडा मुळात तिथूनच आलाय.

चौथा मुद्दा, गोऱ्यांशिवाय किंमत नाही. याला अर्धं उत्तर विद्यापीठाच्या सगळ्यात भव्य इमारतीवर आहे, हीली हॉलवर. पॅट्रिक हीली १८३४ साली जॉर्जियात जन्मले. बाप आयरिश मळेवाला, आई मेरी एलायझा त्याची गुलाम. कायद्याने मूल आईच्याच दर्जाचं, म्हणजे पॅट्रिक जन्माने गुलाम. त्यांनी लूव्हेनला डॉक्टरेट केली, १८७४ ते १८८२ जॉर्जटाउनचे अध्यक्ष झाले, आणि कॉलेजचं विद्यापीठ करण्याचं श्रेय त्यांनाच देतात. फॉरवर्डवाल्याला हे नाव माहीत नसावं.

उरलेलं अर्धं मात्र मला नाइलाजाने काकांच्या पदरात टाकावं लागतंय. हीली यांची कातडी उजळ होती आणि चारचौघांत ते आयरिश म्हणूनच वावरले. ते अध्यक्ष असलेल्या संस्थेत काळ्या मुलाला पदवीच्या वर्गात बसायला विसाव्या शतकाची मध्यान्ह उजाडावी लागली. मुलींना मुख्य कॉलेजचं दार उघडलं ते १९६९ मध्ये. भाचीच्या आजीला तिथे प्रवेश मिळाला नसता. पण आजचा प्रश्न भाचीचा आहे.

कतार. हे खरं आहे. २००५ पासून दोह्यात जॉर्जटाउनची शाखा आहे आणि तिचा खर्च कतार फाउंडेशन उचलतं. त्याच वर्षी सौदीच्या एका राजपुत्राने मुस्लिम-ख्रिस्ती सामंजस्याच्या केंद्राला २ कोटी डॉलर दिले. अशा पैशाने विद्यापीठाची जीभ जड होते का, हा विचारण्यासारखा प्रश्न आहे आणि अमेरिकेत लोक तो विचारतातही. पण एकाच मेसेजमध्ये पहिल्या मुद्द्यात पोप मालक आणि पाचव्यात अमीर मालक, हे कसं जमतं? दोघांपैकी एक कुणी तरी ठरवा.

सीआयए? तिथली परराष्ट्र सेवेची शाळा १९१९ सालची, फादर एडमंड वॉल्श यांनी काढलेली. अमेरिकेची आजची परराष्ट्र सेवा कायद्याने बांधली गेली १९२४ मध्ये, म्हणजे शाळा सेवेपेक्षा थोरली. सरकारच्या दारात, मुत्सद्दी घडवायला काढलेल्या शाळेतून मुत्सद्दी निघणार आणि त्यांच्यासोबत चार हेरही निघणार. सीआयएचे एक प्रमुख, जॉर्ज टेनेट, तिथलेच. दिल्लीच्या कॉलेजांतून आयएएस निघतात त्याला आपण कट म्हणतो का? पुढे.

भुतं. तो सिनेमा, "द एक्झॉर्सिस्ट", ज्या कादंबरीवरून निघाला तिचा लेखक विल्यम पीटर ब्लॅटी जॉर्जटाउनचा माजी विद्यार्थी. त्याला ती गोष्ट सुचली तिथे शिकत असताना वाचलेल्या वर्तमानपत्रातल्या बातमीवरून. सिनेमातला जिना खरा आहे, ७५ पायऱ्यांचा, लोक तिथे फोटो काढायला जातात. बस. पण याच ब्लॅटीने म्हातारपणी, २०१३ मध्ये, व्हॅटिकनकडे अर्ज केला. तक्रार काय? तर जॉर्जटाउन पुरेसं कॅथलिक उरलेलं नाही, त्याला एक तर सुधारा नाही तर कॅथलिक हे नाव काढून घ्या! इकडे काका घाबरलेत की ते फार कॅथलिक आहे. दोघांची गाठ घालून द्यायला हवी होती, पण ब्लॅटी २०१७ मध्ये गेला.

राहिलं गोवा. ते मी विसरत नाही, काका. फ्रान्सिस झेवियरने १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, मागितलं, आणि १५६० पासून ते बसलं. तो जेझुइट होता. तुमच्या कॉलेजाला त्याचंच नाव आहे, आणि ते नाव छातीवर मिरवताना तुम्हाला गोवा आठवला नव्हता. १६१६ मध्ये राशोलला मराठीत ओव्या छापणारा थॉमस स्टीफन्सही जेझुइटच, त्याच गोव्यातला. एकाच्या पापाने दुसऱ्याला फाशी द्यायची नाही आणि एकाच्या ओव्यांनी दुसऱ्याला माफीही द्यायची नाही, एवढं तरी आपण शिकलेल्या माणसांनी पाळायला हवं.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. टाकलं म्हणजे ताईकरवी टाकवलं, मी त्या ग्रुपवर नाही. काकांचा मला थेट फोन आला. आवाज चढलेला नव्हता. म्हणाले, बाकीचं सोड, पण तिसऱ्या मुद्द्यातली ती माणसं कॅथलिक होती, याची तुला खात्री आहे? मी म्हटलं, करार वाचा, आणि त्यांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी बघा. थोड्या वेळाने पुन्हा फोन. म्हणाले, यादी पाहिली. नावंच वाचली फक्त. "सहा महिन्यांचं पोरगं पण लिहिलंय रे."

मग म्हणाले, तो मेसेज पुसून टाकतो. पण दोन-अडीच दिवस उलटले की व्हॉट्सॲपवर तो सगळ्यांकडून पुसता येत नाही, आणि तोवर ताईच्या सासरहून तो तीन ग्रुपांवर पोचला होता. मी म्हटलं, मग आपल्या हाताने दुरुस्ती लिहा, झेवियर्सच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवरसुद्धा. "बघतो," म्हणाले.

भाचीने मला काल विचारलं की आयझॅक हॉकिन्स हॉल तिच्या विभागापासून किती लांब आहे. नकाशावर बघ म्हटलं.